बाई आणि माझे चार किलो

हळू बोलणं बाईंना जमायचंच नाही. तोफखान्यातल्या एका हवालदाराची ही मुलगी देवळाली कॅम्पात वाढली. तोफांचा सराव सुरू झाला की घराची तावदानं थरथरायची, त्यामुळे आईकडे मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं, असं त्या सांगत. त्यात खरं किती आणि रचलेलं किती, कोण जाणे. पण नाशिकच्या ज्या इस्पितळात त्या आहारतज्ज्ञ होत्या, तिथे त्यांची खोली शोधायला पाटी वाचावी लागत नसे. तळमजल्यावर उभं राहून ऐकलं की झालं.

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझं वजन एकतीस किलो होतं. दोन वर्षं पोटात कळा, जुलाब, बारीक ताप. आधी टीबी समजून औषधं झाली, मग कोणी म्हणालं मनाचे खेळ आहेत, लग्न करून द्या. शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली आणि क्रोन्स हे नाव कळलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून इतका अरुंद झाला होता की तो काढावा लागणार होता. पण सर्जननी माझ्या दंडाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "या अंगात टाका धरणार नाही," ते म्हणाले. "चार किलो वाढवून आणा. मग मी हात लावतो." आणि मला खालच्या मजल्यावर बाईंकडे पाठवलं.

बाईंच्या खोलीला दार नव्हतं, नुसता हिरवा पडदा होता. पडद्याबाहेर बाकावर दहा-पंधरा माणसं. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, रुंद, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझे डोळे ओढून बघितले, नखं बघितली, दंडाला टेप लावला, आणि मग त्या आवाजात विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

मी मान खाली घालून पुटपुटले, "चार-पाच."

"चार की पाच? पातळ की चिकट? रक्त पडतं? झोपेतून उठावं लागतं? कधी कपड्यात झालंय?"

बाहेरची सगळी कुजबुज थांबली होती. मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. आईलासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्या पडद्याआड सांगितलं, आणि मी हळू सांगितलेलं प्रत्येक उत्तर बाई लिहिता लिहिता मोठ्याने परत म्हणत होत्या. "कपड्यात, दोनदा. एकदा कॉलेजात."

बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. कोणाकडे न बघता निघणार, तोच बाकावरचे एक टोपीवाले आजोबा थोडे सरकले आणि जागा करून म्हणाले, "पोरी, बस हितं. लाजू नको. मला बी त्येच हाय. माझं तर धा-बारा येळा व्हतं. द्राक्षाच्या बागंत किती डाव पळत गेलोय, इचार." त्यांच्या पलीकडची बाई खुदकन हसली आणि म्हणाली, "माझंही तेच." मी बसले. दोन वर्षांत या आजाराबद्दल मी कोणाशी मोकळेपणाने बोलले नव्हते. त्या दिवशी त्या बाकावर तासभर बोलले.

पुढे कितीतरी वर्षांनी मी बाईंना विचारलं होतं, की तो पडदा आणि तो आवाज मुद्दाम होता का. त्या म्हणाल्या, "छे गं! दार मागून मागून थकले मी."

बाईंची योजना साधी होती. दोन महिने मी घन काही खायचं नाही. सगळं पोषण पातळ. आतड्याला विश्रांती आणि अंगाला भरपूर खुराक. त्यासाठी नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालायची. मी साफ नाही म्हणाले. नळी घालून कॉलेजात कशी जाऊ? नळी घालून आरशात कशी बघू?

बाईंनी वाद घातला नाही. रुग्णांना त्या जवान म्हणायच्या, बाई असो की पुरुष. "ठीक आहे, जवान. नळी नको तर तोंडाने. रोज आठ ग्लास. एक ग्लास चुकला की नळी. मंजूर?"

मी मंजूर म्हणाले, कारण मी ते पेय अजून चाखलेलं नव्हतं.

तांदळाची गाळलेली पेज, उकडलेल्या अंड्याचं पांढरं, साखर, तेल आणि डब्यातली कुठलीशी पावडर, असं ते मिश्रण बाई स्वतः इस्पितळाच्या स्वयंपाकघरात करायच्या. आहारशास्त्रातलं बाईंना सगळं येत होतं, फक्त स्वयंपाक येत नव्हता. त्यांच्या हातची खिचडी भिंतीवर पोस्टर चिकटवायला चालली असती, असं तिथल्या नर्स म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "माझ्या हाताला चव नाही," त्या बिनदिक्कत सांगत, "म्हणून मला मोजायच्या कामाला बसवलंय." पहिला ग्लास मी तोंडाला लावला आणि ओला खडू गिळल्यासारखं वाटलं. मी ग्लास खाली ठेवला. बाईंनी दुसरा ग्लास भरला, स्वतः एका दमात संपवला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "भयंकर आहे. चल, आता तू."

तेव्हापासून कॉलेजच्या आधी एक आणि कॉलेज सुटल्यावर दोन, असे तीन ग्लास मी त्यांच्या खोलीत बसून प्यायचे आणि प्रत्येक वेळी त्याही माझ्याबरोबर एक ग्लास प्यायच्या. एकटीने असलं काही प्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची भाजी-पोळी वर वेगळीच. महिनाभरात त्यांच्या ब्लाऊजच्या शिवणी उसवायला लागल्या.

बाकीचे पाच ग्लास घरी. तिथे आईने कारभार हातात घेतला. पहिल्याच दिवशी तिने मिश्रण बोटावर घेऊन चाखलं, बाईंनी लिहून दिलेल्या कागदाकडे तुच्छतेने पाहिलं आणि त्यात वेलची-जायफळ किसून घातलं. आठवड्याने तिने तसला एक ग्लास बाईंना नेऊन दिला. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात 'जायफळ, चिमूटभर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या रुग्णांच्या पेयात जायफळ पडू लागलं.

इतकं होऊनही काटा मात्र हलेना. बाई दर मंगळवारी वजन करायच्या. एकतीस, साडेएकतीस, पुन्हा एकतीस. बाई वही पुढे-मागे चाळायच्या, बेरजा करायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी भिंतीकडे बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी दुपारी, आमच्या दारात लुना थांबल्याचा आवाज आला. बाई न सांगता घरात शिरल्या, कॅनव्हासचे बूट दाराशी काढले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांवरची झाकणं उघडायला लागल्या. सकाळचं मिश्रण तसंच होतं. पाच ग्लासांचे पाच ग्लास. कॉलेजचं निमित्त सांगून बाईंकडचे तीन मी दर सोमवारी चुकवतच होते.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

आई ओशाळली, पण मागे हटली नाही. "आज सोमवार आहे, बाई. तिचे सोळा सोमवार चाललेत. मी त्र्यंबकेश्वरला बोलून आलेय, पोरीला बरं वाटू दे म्हणून. सात झाले. संध्याकाळी सोडेल ती."

मला वाटलं, आता छप्पर उडणार. बाईंचा देवधर्माशी काही संबंध नव्हता, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. पण बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसल्या. मग चक्क हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हिला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवणं म्हणजे सहा दिवस भरलेला माठ सातव्या दिवशी ओतून टाकणं. हिच्या अंगात शिल्लक काहीच नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कळतं हो. पण आता मधेच मोडू? मोडले आणि ऑपरेशनला काही झालं तर? मी जन्मभर काय म्हणू स्वतःला?"

बाईंनी त्यावर देव नसतो असं काही सांगितलं नाही. आईची भीती त्यांनी एखाद्या लक्षणासारखी ऐकून घेतली आणि विचारलं, "किती उरले?"

"नऊ."

"ते मी करते."

"तुम्ही?"

"का, मला पोट नाही? माझं वजन सत्तर किलो आहे, या पोरीच्या पायी वाढतच चाललंय. मला सोमवारी जेवले नाही तर काही होत नाही."

"पण बोलले तिच्या नावाने..."

"मग तिच्या नावाने मी करते. त्र्यंबकेश्वरला काय हजेरीपट घेऊन बसलेत?"

आई रडता रडता हसली. आणि मी त्याच दुपारी, सोमवारी, आईच्या देखत पाच ग्लास प्यायले.

बाईंनी ते नऊ सोमवार खरोखर केले. दिवसभर इस्पितळात लोकांना जेवा जेवा म्हणून ओरडायचं आणि स्वतः पाण्यावर राहायचं. त्या दिवशी माझ्याबरोबरच्या ग्लासातही त्या पाणीच घ्यायच्या. संध्याकाळी आई डबा घेऊन त्यांच्या खोलीवर जायची. उपास सोडायचं गव्हाचं चूर्मं, भाजी, कोशिंबीर. दोघी पुढ्यात ताटं घेऊन बसायच्या. आईचं बोलणं मुद्द्यावर येईपर्यंत बाईंचं जेवण व्हायचं, पण त्यांची मैत्री जमली ती अशी जमली की पुढे मी कधी बाईंकडे गेले तर त्या आधी मागे बघायच्या, आई आलीय का म्हणून. नवव्या सोमवारी दोघी एसटीने त्र्यंबकेश्वरला गेल्या. बाई रांगेत तीन तास उभ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "रांगेत एक जण चक्कर येऊन पडला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं गाढवाने."

मात्र त्याआधी एक गोष्ट घडली, ती सांगायला मला अजून जड जातं.

सहावा आठवडा होता. काटा चौतिसाच्या पुढे गेला होता. कॉलेजच्या मैत्रिणी गंगापूर धरणावर निघाल्या आणि मीही गेले. पावसाळी हवा, कोळशावर भाजलेली कणसं, वर लिंबू-तिखट चोळलेलं. सहा आठवडे माझ्या दातांखाली काही आलं नव्हतं. मी एक कणीस घेतलं. नुसतं हुंगायचं ठरवलं होतं. मग एक ओळ दाणे खाल्ले, मग दुसरी, आणि मग सगळं कणीस.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. आतड्याच्या अरुंद जागी दाणे अडकले होते. मला इस्पितळात दाखल केलं. सलाईन लागलं, आणि ज्या नळीला मी नाही म्हणाले होते ती नळी शेवटी नाकातून गेलीच, पण पोटात काही घालायला नव्हे, पोट रिकामं करायला. सर्जन म्हणाले, दोन दिवस वाट बघू. सुटलं नाही तर आहे त्या वजनावर उघडावं लागेल. म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. आईचा चेहरा पाहून मला समजलं.

बाई आल्या. मी डोळे मिटून घेतले. ज्या बाई दहा वेळा ओरडून सांगतात की दाणे, साली, बिया आत्ता चालणार नाहीत, त्यांना काय तोंड दाखवणार? त्यांनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि विचारलं,

"कसं होतं?"

"काय?"

"कणीस."

मला वाटलं त्या टोमणा मारतायत. डोळे उघडून पाहिलं तर त्या पेन उघडून थांबल्या होत्या.

"छान होतं," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"कोवळं होतं की जून?"

"कोवळं. गोड. एका बाजूला जरा करपलं होतं."

बाईंनी ते लिहिलं. मग वही मिटली. "ही तुझी चूक नाही, जवान. उष्मांक मोजले, प्रथिनं मोजली, क्षार मोजले. माणसाला दात असतात हे मी विसरले." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चाळीस दिवस पोरीच्या दाताखाली काही गेलं नाही आणि मी मेली काट्याकडे बघून खूश होत होते."

त्या दोन दिवसांत त्यांनी लुना इस्पितळाच्या आवारातून हलवली नाही. तिसऱ्या दिवशी पोट आपोआप मोकळं झालं. पुन्हा पेय सुरू झालं, पण आता रोज दुपारी बाई मला पांढऱ्या पावाचा एक कडक भाजलेला तुकडा द्यायच्या. तो चावून चावून, पाणी होईपर्यंत खायचा. त्याचा करकर आवाज आला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यानंतर आलेल्या प्रत्येक रुग्णाला त्यांनी पहिल्या भेटीतच विचारायला सुरुवात केली, की तुला सगळ्यात जास्त काय खावंसं वाटतं. आणि त्याच्या जवळपास जाणारं, त्याच्या आतड्याला झेपेल असं काहीतरी त्या शोधून काढत. शोधायच्या त्या, करायला लावायच्या आईला.

पस्तीस किलो भरले त्या मंगळवारी बाईंनी काट्यावरून मला उतरूच दिलं नाही. आधी सर्जनना खाली बोलावून आणलं. ऑपरेशन झालं, टाके धरले. सहाव्या दिवशी आईने आणलेला मऊ भात आणि वरणावरचं पाणी मी खाल्लं, तेव्हा बाई पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझ्या प्रत्येक घासाला त्यांचाही जबडा हलत होता.

पुढे मी गणित शिकवायला लागले आणि सुट्टीच्या दिवशी अधूनमधून बाईंबरोबर जायला लागले. त्या घरोघर जायच्या, कारण रुग्ण सांगतो ते आणि पातेल्यात असतं ते, यांत फार अंतर असतं असा त्यांचा अनुभव होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हरसूलजवळच्या एका पाड्यावरची, तिशीतली बाई त्यांच्याकडे आली होती. मोठ्या आतड्याला जखमा, रक्त जायचं. औषध लागू पडलं होतं, रक्त थांबलं होतं, तरी ती खंगतच होती, पाय सुजले होते. बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीने हरसूलला उतरलो आणि तिचा नवरा आम्हाला पाड्यावर घेऊन गेला.

बाईंनी सवयीने मडकी बघितली. पेज. नुसती भाताची पेज.

"हिला बाकी काय देता?"

"काय नाय," नवरा अभिमानाने म्हणाला. "दाक्तर बोलला व्हता, पथ्य पाळ. मासं नाय, अंडं नाय, डाळ नाय. पाच महिनं झालं. ती मागती, पन मी देत नाय."

घरात चुलीवर सुक्या मासळीचा वास होता. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. पोरं अंडी खात होती, आणि ती बाई कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्याची तिच्यावर माया होती, म्हणूनच तो तिला उपाशी मारत होता.

बाई खाली बसल्या. आवाज न चढवता त्यांनी त्या माणसाला समजावलं, की डॉक्टर एक शब्द बोलला आणि तो किती दिवसांचा, कशाचा, हे सांगायचं राहिलं. तुझी काही चूक नाही. आता रोज दोन अंडी. मऊ शिजलेले मासे, काटे काढून. मुगाच्या डाळीचं पाणी नव्हे, डाळ. नागलीचं सत्त्व, फडक्यातून गाळलेलं. मग त्या बाईला विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अंडं."

नवरा उठला. त्याने अंडं उकडलं, सोललं आणि तिच्या हातात दिलं. ते तिने खाल्लं, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

परतीच्या एसटीत बाईंनी मला सांगितलं, की आजपासून त्यांच्या खोलीत पथ्य हा शब्द बंद. जेवण म्हणायचं. कोणी चुकून म्हणालाच तर त्या त्याला वाक्य पुन्हा बोलायला लावायच्या, मग तो रुग्ण असो की खुद्द सर्जन. पुढच्या दिवाळीला पाड्यावरची ती बाई तांदळाचं गाठोडं घेऊन नाशिकला आली, तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाही. गाल आले होते.

बाई निवृत्त होऊन देवळालीच्या त्यांच्या जुन्या घरी राहायला गेल्या. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज आणखी वाढला होता. त्यांच्या मागे मला सगळ्यात जास्त आठवते ती एक दुपार.

माझा आजार परत आला होता. अकरा वर्षं नीट गेल्यावर तीच कळ, तीच जागा. तपासण्यांनी शंका खरी ठरवली. नव्या औषधांनी पुढे तो आटोक्यात आला, पुन्हा कापाकापी लागली नाही. पण त्या दिवशी हे मला माहीत नव्हतं. घरी कोणाला सांगायच्या आधी मी बस पकडून देवळालीला गेले. बाई ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "परत आलंय."

त्यांनी चष्मा काढला. माझा दंड चाचपला. बराच वेळ तो हातात धरून बसल्या.

"किती वर्षं मिळाली?"

"अकरा."

"काय काय खाल्लंस अकरा वर्षांत?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. मग मी सांगायला लागले. लग्नातले जिलबीचे दोन तुकडे. सासरचं मटण. मुलीच्या वेळचे डोहाळे, चिंच सोडून सगळं. सातपूरच्या हॉटेलातली मिसळ, कमी तिखट सांगूनही तिखटच आलेली. हुरडा, दोन चमचे, भीत भीत. आईच्या हातची शेवटची पुरणपोळी. एका सहलीत समुद्रावर खाल्लेलं तळलेलं पापलेट. आंबे, प्रत्येक उन्हाळ्यात, मोजले नाहीत. बाई मान हलवत ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या, गरम होतं का, कोण होतं बरोबर. सांगता सांगता माझ्या छातीतली धडधड कधी थांबली ते कळलं नाही. समोरच्या रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं गेली, ऊन अंगणाच्या टोकाला पोहोचलं, आणि मी गप्प झाले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"संपलं."

"संपलं कसलं! आठवत नाहीये, एवढंच," बाई गुडघ्यांवर हात रेटून उठत ओरडल्या. "मी चहा टाकते. तू आठव."